लठ्ठपणावर उपचार घेताना या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे वजन उतरलं की उपचार सोडून देणं. रक्तदाब आटोक्यात आला म्हणून गोळी बंद केली तर तो पुन्हा चढतो, हे सगळ्यांना पटतं. लठ्ठपणाच्या औषधाला मात्र लोक 'कोर्स' समजतात. सेमाग्लुटाइड या भूक कमी करणाऱ्या इंजेक्शनच्या एका मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १५ टक्के उतरलं. औषध थांबवून वर्ष झालं तेव्हा उतरलेल्यातलं दोन तृतीयांश परत आलं होतं.

असं का होतं? चरबी घटली की लेप्टिन (चरबीतून निघणारं, भूक आवरणारं संप्रेरक) घटतं आणि मेंदूला वाटतं, उपासमार सुरू झाली. मग तो भूक वाढवतो आणि ऊर्जेचा खर्च आखडतो. अमेरिकेतल्या वजन घटवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. रोज तासन् तास घाम गाळून त्यांनी सरासरी ५८ किलो उतरवले होते. सहा वर्षांनी त्यातले सरासरी ४१ किलो परत आले होते. त्यांचं शरीर विश्रांतीतही अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. या माणसांना आळशी कोण म्हणेल? तेव्हा 'मनावर घे, होईल कमी' हा सल्ला कृपा करून कुणाला देऊ नका.

'वजन उतरल्यावर पुढे काय?' हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी लघवीला जाऊन आल्यावर आणि काही खाण्याआधी वजन करा, लिहून ठेवा. दोन-तीन किलो वाढले आणि दोन आठवडे तसेच राहिले, तर लगेच भेट घ्या. दहा किलो वाढेपर्यंत लाजत बसू नका.

दुसरी चूक घाईची. सेमाग्लुटाइड आठवड्यातून एकदा ०.२५ मिग्रॅपासून सुरू होतं आणि साधारण दर चार आठवड्यांनी ०.५, १, १.७ आणि २.४ असं चढतं. पहिल्या महिन्यात काटा हलला नाही की लोक परस्पर डोस वाढवतात. अहो, ०.२५ ही वजन उतरवायची मात्राच नव्हे, ती पोटाला सवय लावण्यासाठी असते! पायरी गाळली की उलट्या होतात, अंगातलं पाणी कमी होतं आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. मळमळ असेल तर थोडं थोडं खा, तेलकट टाळा, पोट भरल्यासारखं वाटताच हात आखडता घ्या. त्याने भागलं नाही तर डॉक्टरांना विचारून आहे त्याच मात्रेवर आणखी महिनाभर थांबा.

चालू औषधांची यादी न दाखवणं हीसुद्धा नेहमीची चूक. स्टेरॉइड, इन्सुलिन, ऑलान्झापिन (मानसिक आजारावरचं), व्हॅल्प्रोएट (फिट्सवरचं) यांनी वजन वाढू शकतं. ती स्वतःहून बंद करायची नाहीत, पर्याय विचारायचा.

थायरॉईडवर सगळं खापर फोडू नका; त्याने सहसा थोडेच किलो वाढतात. जोरात घोरत असाल, दिवसा डुलक्या येत असतील तर तेही सांगा.

नुसतं खाणं तोडलं की चरबीबरोबर स्नायूही झडतात, म्हणून पुरेशी प्रथिनं आणि आठवड्यातून दोनदा वजन उचलण्याचा व्यायाम हवाच.

वजन घटवण्यासाठी पोटाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी जीवनसत्त्वं, लोह आणि कॅल्शियम जन्मभर घ्यायचं असतं. बी१२ जीवनसत्त्वाचा साठा इतका हळूहळू संपतो की अनेकांना पायांना मुंग्या येईपर्यंत पत्ताच लागत नाही.