चित्रपुस्तक करताना या चुका टाळा: आधी सहा कागद दुमडा

मुलांसाठी चित्रपुस्तक करायचंय म्हणून जे नवे चित्रकार आणि लेखक भेटायला येतात, त्यांतले बहुतेक जण टॅब्लेट उघडतात आणि एकेक चित्र सरकवत दाखवतात. चित्रं बऱ्याचदा सुरेख असतात. मी विचारते, ‘डमी कुठंय?’ डमी म्हणजे कोरे कागद दुमडून केलेलं पुस्तकाचं कच्चं रूप. उत्तर ठरलेलं: ‘ती करू ना नंतर, चित्रं पूर्ण झाली की.’ इथेच पुस्तक बिघडायला सुरुवात होते.

माझ्या दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी मीही हेच केलं होतं. गोष्ट साधी. आजीच्या फडताळातून खुडबुड ऐकू येते, नात घाबरत घाबरत दार उघडते, तर आत जुन्या लुगड्यांवर मांजरी व्यालेली. चार महिने बसून मी अकरा जोडपानं (समोरासमोरची दोन पानं मिळून एक) जलरंगात रंगवली. छापखान्यातून पहिलं प्रूफ, म्हणजे तपासायची छापील प्रत, दुमडून हातात आलं, तेव्हा सहाव्या जोडपानावरचा आजीचा चेहरा नेमका घडीत गेला होता. नाक नाहीसं झालेलं, दोन्ही डोळे एकमेकांना चिकटलेले. दुसरी चूक त्याहून मोठी होती आणि ती मला मुलांनी दाखवली. तेच प्रूफ घेऊन मी एका शाळेत पहिलीच्या वर्गासमोर बसले. डाव्या पानावर वाक्य होतं, ‘आत कोण असेल बरं?’ आणि मांजरी समोरच्याच उजव्या पानावर. माझं वाक्य निम्मं व्हायच्या आधीच सगळा वर्ग ओरडला, ‘मांजर!’ मुलांची नजर आधी चित्राकडे जाते; अक्षरं नंतर. गोष्टीत श्वास रोखायला लावणारा एकच क्षण होता, तो मी आधीच फोडून ठेवला होता. मांजरी पुढच्या पानावर नेली, तर मागचं-पुढचं सगळं हललं. पाच चित्रं पुन्हा रंगवावी लागली, दोन कायमची बाजूला पडली. जूनमध्ये शाळा उघडताना यायचं पुस्तक दिवाळीनंतर आलं.

हे सगळं टाळायला सहा कोरे ए-४ कागद पुरतात. मधोमध दुमडून एकात एक घाला की २४ पानं होतात. पहिलं पान शीर्षकाचं, शेवटचं श्रेयनामावलीचं, मधली २ ते २३ म्हणजे अकरा जोडपानं तुमच्या गोष्टीची. विषम पान नेहमी उजवीकडे येतं, सम पान डावीकडे. म्हणून प्रश्न उजव्या पानाच्या शेवटी टाकायचा आणि उत्तर पान उलटल्यावर सम पानावर ठेवायचं. मजकूर छापून, कातरून, गोंदाने चिकटवा. चित्राच्या जागी जाड पेन्सिलीने नुसते आकार काढा. घडीपासून दोन बोटं अंतरात चेहरा किंवा हात येता कामा नये. मग ज्यानं गोष्ट ऐकलेली नाही अशा कुणाला तरी पानं उलटत मोठ्यानं वाचून दाखवा. माझ्या एका पुस्तकाच्या चार-पाच डम्या होतात आणि त्याआधी मी रंगांची पेटी उघडत नाही. काही जण डमी मोबाइलवरच करतात. मला ते मान्य नाही. पान उलटायला लागणारा अर्धा सेकंद बोटाने सरकवताना कळतच नाही.

पानांची संख्याही मनाला येईल तशी ठेवता येत नाही. मोठा कागद छापून दुमडला की आठ किंवा सोळा पानांचा गठ्ठा तयार होतो. म्हणून चित्रपुस्तकं २४ किंवा ३२ पानांची असतात. मधोमध पिना मारायच्या तर पानं चारच्या पटीत हवीतच. ‘माझी गोष्ट २७ पानांत बसतेय’ असं म्हणणाऱ्याने गोष्ट पुन्हा वाचावी. तीन पानं कुठली जास्त आहेत ते सापडतं.

दुसरी चूक अक्षरांची, आणि ती पाहिली की मला खरोखर वाईट वाटतं. बरेच जण मजकूर चित्रातच रंगवतात. दिसतं छान, पण ते पुस्तक उद्या कोकणीत किंवा गोंडीत न्यायचं ठरलं तर सगळी चित्रं नव्याने करावी लागतात. चार रंगांच्या छपाईत प्रत्येक रंगाची वेगळी प्लेट असते; मजकूर फक्त काळ्या प्लेटवर ठेवला, तर दुसऱ्या भाषेच्या आवृत्तीसाठी तेवढी एकच प्लेट बदलते. बारीक मजकूर चारही रंगांत टाकला आणि प्लेटी केसभर हलल्या, तर अक्षराला छाया पडते. अनुस्वार त्या छायेत बुडतो. नुकतं वाचायला शिकणाऱ्या मुलाला ‘वारा’ आणि ‘वांरा’ यांतला फरक अंदाजाने कळत नाही. जे छापलंय तेच ते वाचतं.

‘दुसऱ्या’ मधला र फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर गेली की मोडून ‘दुसर्या’ होतो. मी प्रत्येक प्रूफमध्ये ‘ऱ्या’ आणि ‘ऱ्हा’ हे दोन शोधूनच पाहते. फाँटमधला ल आणि श सुद्धा तपासा. पाकळीचा ल आणि देठाचा श हीच मराठीची रूपं, आणि २०२२च्या शासन निर्णयानेही तीच ठरवली आहेत. हिंदी वळणाचा फाँट फुकट मिळाला म्हणून वापरू नका.

‘बंडू निळ्या सायकलवरून निघाला’ असं लिहून चित्रात निळी सायकल काढलीत, तर दोहोंपैकी एक फुकट गेलं. ‘निळ्या’ खोडा. चित्रात दिसतं ते सगळं मजकुरातून काढून टाकायचं. उरेल ते पुरेसं असतं.

पात्र प्रत्येक पानावर वेगळं दिसतं, ही तक्रार फार येते. मी मातीचं डोकं करून टेबलावर ठेवते. पाठीमागून, वरून, झोपलेलं, सगळीकडून बघता येतं. एआय यंत्राकडून चित्रं करून घेणाऱ्यांच्या पुस्तकात तर चौथ्या पानावर मूलच बदलतं आणि वाकळीच्या जागी परदेशी रजई येते.

पडद्यावरचा झगमगता हिरवा कागदावर मळका होतो. प्रूफ पाहिल्याशिवाय रंगावर जीव लावू नका. कडेला ३ मिमी ब्लीड सोडा, म्हणजे चित्र पानाच्या कडेबाहेर तेवढं जास्त रंगवा; कागद छाटल्यावर पांढरी रेघ राहत नाही.

प्रकाशकाकडे सगळी चित्रं रंगवून पाठवू नका. मजकूर, डमी आणि दोन पूर्ण चित्रं पुरेत. नुसतं लिहिणाऱ्यांनी स्वतःच्या पैशाने चित्रकार गाठायची घाई करू नये. जोडी जमवणं हे संपादकाचं काम आहे.

आणि करार. पहिल्या पुस्तकाच्या आनंदात लोक न वाचता सही करतात, मीही केली होती. कॉपीराइट कायदा १९५७चा. त्याच्या कलम १९नुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून मुदत, भाषा, प्रदेश, मानधन एकरकमी की रॉयल्टी, आणि मूळ चित्रं परत कधी मिळणार, या पाच जागा मी पेन्सिलीने गोल करून ठेवते. एखादी कोरी असेल तर फोन करते, आणि ती भरून आल्याशिवाय पेन उघडत नाही.