दुसऱ्या स्तनाचा कॅन्सर: जनुकात दोष असेल तर या चुका टाळा

एका बाजूचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन असं सगळं पार पडलं की घर सुटकेचा श्वास टाकतं. बहुतेक बायकांच्या बाबतीत ते रास्तही आहे. पण जिच्या रक्ताच्या चाचणीत बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ या जनुकात दोष निघाला आहे, तिची गाठ गेली तरी दोष जागच्या जागीच असतो. तुटलेला डीएनए नीट सांधणं हे या जनुकांचं काम. ते काम बिघडवणारा दोष दुसऱ्या स्तनाच्या पेशींतही जन्मापासून आहे. म्हणून तिथे होणारा कॅन्सर बहुतेक वेळा पहिल्याचा पसरलेला तुकडा नसतो, तो नव्याने उगवलेला असतो. तो लवकर पकडता येतो, बऱ्याच प्रमाणात टाळताही येतो. घोळ होतो तो खालच्या गोष्टींत.

भलताच रिपोर्ट ‘जीन टेस्ट’ म्हणून धरणे

फाइलमध्ये ईआर, पीआर (गाठ हार्मोनला प्रतिसाद देते का) आणि हर-टू (गाठ वाढवणारं एक प्रथिन) यांचा कागद असतो आणि घरचे सांगतात, ‘जीन टेस्ट झालीये.’ ती गाठीची तपासणी आहे. केमो लागेल का हे सांगणारी ऑन्कोटाइपसारखी महागडी चाचणीही गाठीचीच. वारशाने आलेला दोष शोधायला रक्त लागतं, जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधलं, किंवा लाळ. गाठीच्या तुकड्यावर बीआरसीए दोष सापडला तरी तो जन्मजात आहे की फक्त गाठीतला, हे रक्तावर पडताळावं लागतं.

रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ असेल तर तो कधीचा आणि कशाचा हे बघा. नुसतं सिक्वेन्सिंग (जनुकाची अक्षरं ओळीने वाचणं) केलेल्या जुन्या चाचण्यांत जनुकाचा मोठा तुकडाच गळालेला असला तर तो निसटू शकतो. त्यासाठी एमएलपीए किंवा तशी वेगळी तपासणी लागते. शिवाय पूर्वी फक्त दोन जनुकं बघितली जायची, पीएएलबी-२ वगैरे धोका वाढवणारी इतर जनुकं नाहीत. घरात कॅन्सरची रांग असेल तर जेनेटिक काउन्सेलरला विचारून पुन्हा चाचणी करणं योग्य.

आणि ‘व्हीयूएस’ या तीन अक्षरांवर स्तन काढू नका. त्याचा अर्थ एवढाच की बदल सापडला आहे, पण तो घातक की निरुपद्रवी हे ठरलेलं नाही. असे बहुतेक बदल पुढे निरुपद्रवी ठरतात. भारतीयांचा जनुकीय डेटा तुलनेने कमी असल्यामुळे आपल्याकडच्या रिपोर्टमध्ये हा शेरा जास्त दिसतो. एक-दोन वर्षांनी लॅबकडे विचारणा करा. तोवर निर्णय घरातल्या इतिहासावर घ्यायचा.

पहिल्या कॅन्सरचा आकडा दुसऱ्याला लावणे

सगळ्यात जास्त घबराट इथे होते. इंटरनेटवर ‘७२ टक्के’ वाचून बाई येते. तो आकडा वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे: बीआरसीए-१ दोष असलेल्या, कॅन्सर न झालेल्या बाईला ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता (बीआरसीए-२ मध्ये ६९ टक्के). एका बाजूला होऊन गेल्यावर दुसऱ्या बाजूला होण्याची शक्यता, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासानुसार, २० वर्षांत बीआरसीए-१ मध्ये सुमारे ४० टक्के आणि बीआरसीए-२ मध्ये सुमारे २६ टक्के आहे. दोष नसलेल्या बाईत ती ढोबळमानाने वर्षाला अर्धा टक्का.

‘२० वर्षांत’ हे शब्द गाळून आकडा वाचू नका. तो धोका वर्षावर्षाने साचत जातो. पुढच्या वर्षीचा धोका ४० टक्के नसतो. पहिल्या कॅन्सरचं वय तर आकडा पार बदलून टाकतं. जर्मनीतल्या अभ्यासात, बीआरसीए-१ दोष असलेल्या ज्या बायकांना पहिला कॅन्सर चाळिशीच्या आत झाला, त्यांच्यात २५ वर्षांत सुमारे ६३ टक्क्यांना दुसऱ्या बाजूला झाला. पन्नाशीनंतर झालेल्यांत सुमारे २० टक्क्यांना. एकाच दोषात तिपटीचा फरक. म्हणून ३४ व्या वर्षी आजारी पडलेल्या मुलीला आणि ६१ व्या वर्षी आजारी पडलेल्या तिच्या आत्याला एकच सल्ला लागू होत नाही.

जनुकाचं नावही नीट वाचा. सीएचईके-२ मध्ये दुसऱ्या बाजूचा धोका वाढतो, पण बीआरसीएपेक्षा बराच कमी. पीएएलबी-२ मध्ये तो मुख्यतः पहिली गाठ ईआर निगेटिव्ह असेल तर वाढलेला दिसतो. एटीएम दोषात अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात लक्षणीय वाढ आढळली नाही. या बायकांना ‘बीआरसीएसारखंच’ म्हणून दुसरा स्तन काढायला लावणं अन्यायाचं आहे. टीपी-५३ चा दोष मात्र वेगळाच विषय: रेडिएशनमुळेही नवे कॅन्सर उद्भवू शकतात, त्यामुळे शक्य तिथे ते टाळलं जातं. हा रिपोर्ट रेडिएशन सुरू होण्याआधी डॉक्टरांच्या हातात हवा.

चाचणीला उशीर, ऑपरेशनला घाई

जनुकाच्या चाचणीसाठीचं रक्त, बायोप्सीचा निकाल आल्याबरोबर द्या. रिपोर्टला काही आठवडे लागतात. गाठच काढून स्तन वाचवला, रेडिएशनही संपलं आणि मग दोष कळला, की पर्याय कमी होतात: रेडिएशन घेतलेल्या त्वचेखाली इम्प्लांट बसवला तर तो आवळला जाणं, जखम न भरणं हे जास्त होतं. स्तन वाचवणं ही चूक नव्हे, जगण्याची शक्यता त्याने कमी होत नाही. पण निवड करताना माहिती पुरी हवी.

उलट टोकाची चूक म्हणजे पहिली गाठ मोठी, काखेतल्या गाठींत पसरलेली असताना निरोगी बाजूचं ऑपरेशनही त्याच दिवशी उरकणे. निरोगी बाजूची जखम चिघळली किंवा त्वचा काळी पडली तर केमो लांबते, आणि पुढच्या काही वर्षांत जीव ठरतो तो पहिल्या कॅन्सरवर. ब्रिटनमधल्या २०१८ च्या ‘पॉश’ अभ्यासात ४० किंवा त्याहून कमी वयाच्या रुग्णांत, बीआरसीए दोष असलेल्या आणि नसलेल्यांच्या जगण्यात फरक आढळला नव्हता. म्हणजे विचार करायला अवधी आहे. आधी केमो-रेडिएशन पूर्ण करून मग दुसऱ्या बाजूचं ठरवणं पूर्णपणे योग्य आहे. ते ऑपरेशन त्या बाजूचा धोका ९० टक्क्यांहून अधिक कमी करतं, शून्य करत नाही. त्वचेखाली आणि काखेकडे थोड्या पेशी उरतातच, म्हणून नंतरही वाटाण्याएवढी गाठ लागली तरी दाखवायची.

एमआरआय चुकीचा, चुकीच्या दिवशी

दुसरा स्तन ठेवायचा ठरवला तर वर्षातून एकदा एमआरआय आणि एकदा मॅमोग्राफी हवी. अनेक केंद्रं दोन्हींत सहा महिन्यांचं अंतर ठेवतात. नुसत्या सोनोग्राफीवर भागवू नका. तरुण, दाट स्तनांत एकट्या मॅमोग्राफीतून बरंच सुटतं.

एमआरआयची चिठ्ठी घेऊनच चार गोष्टी विचारा. एक, तो कॉन्ट्रास्ट (गॅडोलिनियमचं इंजेक्शन) देऊन आहे ना? साधा, बिनइंजेक्शनचा एमआरआय इम्प्लांट फुटला का हे बघायला चालतो, कॅन्सर शोधायला नाही. गाठ दिसते ती तिच्या नव्या रक्तवाहिन्यांत गॅडोलिनियम भराभर शिरतं म्हणून. दोन, सेंटरकडे स्तनांसाठीची वेगळी कॉइल आहे का? तिच्या दोन पोकळ्यांत स्तन सोडून पालथं झोपवतात. उताणं झोपवून छातीचा एमआरआय काढणार असतील तर ती तपासणी ही नव्हे. तीन, पाळी चालू असेल तर पाळी आल्यापासून ७ ते १४ व्या दिवसातली तारीख घ्या. इतर दिवशी निरोगी ग्रंथीही चमकतात, मग ‘संशयास्पद’ शेरा, नको ती बायोप्सी आणि झोप उडालेले पंधरा दिवस. चार, अलीकडचा क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचं काम सांगणारा) रिपोर्ट सोबत ठेवा, नाहीतर इंजेक्शनवाचून परत पाठवतात.

जुन्या तपासण्यांच्या सीडी जपा. फक्त छापील रिपोर्ट पुरत नाही. रेडिओलॉजिस्टला जुनं चित्र नव्याशेजारी ठेवून बघायचं असतं.

‘जुनाच परत आला’ असं गृहीत धरणे

वाचवलेल्या स्तनात पाच-सात वर्षांनी गाठ आली, आणि तीही जुन्या व्रणापासून लांब, तर तो नवा कॅन्सर असू शकतो. बायोप्सी पुन्हा, आणि ईआर, पीआर, हर-टू पुन्हा. पहिली गाठ ट्रिपल निगेटिव्ह (या तिन्हींत निगेटिव्ह) आणि दुसरी हार्मोनला प्रतिसाद देणारी, असंही होतं. जुन्या रिपोर्टवरून औषध सुरू करू नये.

पहिली गाठ ईआर पॉझिटिव्ह असेल तर टॅमोक्सिफेनची रोजची २० मिलिग्रॅमची गोळी दुसऱ्या बाजूलाही आधार देते. गरम झळा आल्या म्हणून ती परस्पर बंद करू नका. त्यावर उपाय आहेत, डॉक्टरांना सांगा.

‘पिशवी काढलीये’ म्हणजे काय काढलंय?

बीआरसीए दोषात अंडाशयाच्या कॅन्सरचा धोकाही मोठा असतो: ८० वर्षांपर्यंत बीआरसीए-१ मध्ये सुमारे ४४ टक्के, बीआरसीए-२ मध्ये सुमारे १७ टक्के. ‘माझी पिशवी (गर्भाशय) काढलीये’ हे उत्तर इथे पुरेसं नाही. पिशवी काढताना अंडाशय बऱ्याचदा ठेवलेले असतात. जुना पॅथॉलॉजी रिपोर्ट काढून दोन्ही अंडाशय आणि दोन्ही नळ्यांचा उल्लेख आहे का ते वाचा. नसेल तर मुलंबाळं झाल्यावर बीआरसीए-१ मध्ये ३५ ते ४०, बीआरसीए-२ मध्ये ४० ते ४५ वर्षांच्या दरम्यान ते काढण्याबद्दल बोला. सोनोग्राफी आणि सीए-१२५ या रक्तचाचणीवर विसंबू नका. हा कॅन्सर त्यांत लवकर सापडेल याची खात्री नसते.

माहेर-सासरची यादी अर्धी करणे

दोष वडिलांकडूनही येतो. मावशी आठवते तशी आत्याही लिहा, आणि वडिलांची आई, चुलत बहिणीही. काकू आणि मामी एरवी या हिशोबात नसतात. पण मामाच्या मुलीशी लग्न झालेल्या घरात नाती दोन्हीकडून रक्ताची असतात. तिथे नवऱ्याचीही चाचणी हवी, कारण दोघांतही बीआरसीए-२ चा दोष असेल तर प्रत्येक मुलाला फॅन्कोनी ॲनिमिया हा रक्ताचा गंभीर जन्मजात आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. ‘आजी पोटात पाणी होऊन गेली’ हे वाक्यही टिपून ठेवा. कारणं अनेक असतात, पण त्यात अंडाशयाचा कॅन्सरही असतो.

भाऊ-बहिणींना आणि मुलांना हा दोष असण्याची शक्यता प्रत्येकी ५० टक्के, मुलग्यांनाही. त्यांना पूर्ण पॅनेल (अनेक जनुकांची एकत्र चाचणी) लागत नाही. तुमच्यात सापडलेली नेमकी जागा तपासली की पुरतं, आणि खर्चही कमी येतो. त्यासाठी लॅबला दोष सांगणारी ती सांकेतिक ओळ जशीच्या तशी लागते, तोंडी ‘बीआरसीए पॉझिटिव्ह’ नव्हे. रिपोर्टच्या त्या पानाचा स्वच्छ फोटो काढून बहीण-भावाला आजच पाठवा. मुलींची चाचणी १८ पूर्ण झाल्याशिवाय करू नका. दोष निघाला तर त्यांचा एमआरआय साधारण २५ व्या वर्षी सुरू होतो, मॅमोग्राफी तिशीत.