बॉडी हॉररमधून गरिबी लिहिताय? मग या चुका टाळा

बॉडी हॉरर म्हणजे माणसाचं शरीरच बिघडतं, बदलतं अशी भयकथा. त्यात सगळ्यात कॉमन चूक म्हणजे आधी एखादा किळसवाणा सीन सुचतो, कातडी सोलली जातेय, दात गळतायत वगैरे, आणि मग त्याला वरून गरिबी चिकटवली जाते. एक करून बघा, तोच आजार एखाद्या श्रीमंत पात्राला द्या, आणि तरीही कथा जशीच्या तशी पुढे सरकली तर समजायचं की काहीतरी गंडलंय, कारण पैसेवाला माणूस सुट्टी टाकेल, डॉक्टर गाठेल, आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत तो तसाच कामावर जाईल, खरी भीती तर तिथेच आहे ना.

शरीर कसं बिघडतं तेही कामातूनच आलं पाहिजे. 19व्या शतकात काडेपेटीच्या कारखान्यांत पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफेने कामगारांचा जबडा सडायचा, आधी नुसती दातदुखी, मग पू, मग हाडच कुजायला लागायचं. 1888 मध्ये लंडनच्या काडेपेटी कामगार मुलींनी संप केला तेव्हा हा आजार सगळ्यांना माहीत होता, लाल फॉस्फरसचा पर्यायही होता, पण पांढरा स्वस्त पडायचा म्हणून कारखानदार तोच वापरत राहिले. एवढं भयानक मला तरी कुठल्याच राक्षसात दिसत नाही.

दुसरी चूक मला जास्त खटकते, गरीब माणसालाच किळसवाणं करून टाकणं. वाचक त्याच्यापासून लांब पळाला की तुम्ही नेमकं उलटं काम केलंत. लेखक फ्रान्झ काफ्काच्या ‘मेटामॉर्फसिस’ या कथेत (1915) नायक ग्रेगोर किडा होऊन उठतो आणि त्याला टेन्शन कसलं, तर ट्रेन चुकली, साहेब ओरडेल, आईवडिलांचं कर्ज अजून फिटायचंय. म्हणून तो शेवटपर्यंत माणूस वाटतो.

पात्रांच्या तोंडी विषमतेवर भाषणं तर अजिबात नकोत. समजा भाडं थकलेल्या बाईकडून मालक पैशाऐवजी कातडी घेतो, तर तो तिचा दंड चिमटीत धरून बघेल आणि म्हणेल, “कोपराची नको, खरखरीत आहे, पाठीची दे.” ती मुकाट्याने पाठ फिरवते. बास, याच्यापुढे समजावून सांगायची गरजच नाही.

आणि शेवट अडला तर लगेच मालकाला मारून मोकळे होऊ नका, ती कातडी पुढे कुठे जाते, कोण विकत घेतं, काय भावाने, ते लिहून बघा.