विजयांची मालिका पाहून ‘लय’ ठरवताना या चुका टाळा

संघ ओळीने जिंकू लागला की त्याला ‘लय सापडली’ असे आपण म्हणून मोकळे होतो. मात्र तो संघ मुळात किती बलवान आहे हे आधी न पाहणे, ही यातली सर्वांत मोठी चूक होय. समजा, एखाद्या संघाची प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ८० टक्के आहे आणि आधीच्या निकालांचा पुढच्या सामन्यावर काडीचाही परिणाम होत नाही, तरीही तो संघ पुढचे दहाही सामने जिंकण्याची शक्यता सुमारे ११ टक्के भरते. ५० टक्केवाल्या संघाच्या बाबतीत तीच १०२४ मध्ये एक एवढी उरते. १९९९ ते २००१ या काळात ऑस्ट्रेलियाने सलग १६ कसोटी सामने जिंकले, त्याचे श्रेय लयीला देण्यापूर्वी त्या संघाची ताकद हिशेबात धरावीच लागते.

मालिका घडून गेल्यावर तेवढाच तुकडा निवडून त्यावर निष्कर्ष काढणे हीसुद्धा चूकच. नाणे २० वेळा उडवले, तर कुठे ना कुठे सलग चार किंवा अधिक वेळा एकच बाजू पडण्याची शक्यता सुमारे ७७ टक्के असते.

उलट टोकाची चूक अभ्यासू मंडळींकडून होते: लय हा निव्वळ भ्रम आहे, असे ते ठामपणे सांगतात. गिलोविच, व्हॅलोन आणि ट्वर्स्की या संशोधकांनी १९८५ मध्ये बास्केटबॉलच्या आकडेवारीवरून तसा निष्कर्ष काढला होता खरा, परंतु एकदा चेंडू बास्केटमध्ये पडल्यावर लगेच पुन्हा पडण्याचे प्रमाण काढण्याच्या त्या मोजणीतलाच दोष मिलर आणि सांजुर्हो या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवला. तो नाण्यावरून समजून घेता येतो. तीन नाणेफेकींचे आठही क्रम मांडा आणि प्रत्येक क्रमात छाप्यानंतर लगेच छापा येण्याचे प्रमाण काढा. ज्या दोन क्रमांत पहिल्या दोन फेकींत छापाच नाही ते वगळावे लागतात. उरलेल्या सहांची सरासरी ५० टक्के नव्हे, तर सुमारे ४२ टक्के येते. म्हणजे छोट्या मालिकांत मालिकानिहाय सरासरी काढली, तर ५० टक्के हीच लय दडल्याची खूण ठरू शकते. ही दुरुस्ती केल्यावर १९८५ च्याच आकड्यांत लयीचे संकेत दिसू लागले. अर्थात, हे संकेत एकेका खेळाडूच्या नेमबाजीचे आहेत. प्रतिस्पर्धी दर सामन्याला बदलत असताना ते संपूर्ण संघाच्या विजयांना जसेच्या तसे लावता येत नाहीत.