व्हीपीएन चालू असताना माइनक्राफ्टचं लॅन वर्ल्ड दिसत नाही?

एकाच वायफायवर दोन लॅपटॉप, एकावर ‘ओपन टू लॅन’ (म्हणजे वर्ल्ड घरच्या नेटवर्कवर खुलं) केलेलं, तरी दुसऱ्याच्या यादीत वर्ल्ड येत नसेल, तर राउटरला हात लावण्याआधी दोन्हीकडचं व्हीपीएन (इंटरनेटची वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारं ॲप) बंद करून बघा. लगेच दिसलं तर कारण तेच. माइनक्राफ्टची जावा आवृत्ती आपलं वर्ल्ड घरच्या नेटवर्कवर २२४.०.२.६० या पत्त्याच्या ४४४५ पोर्टवर सतत पुकारत असते. व्हीपीएन ती हाक स्वतःकडे वळवतं किंवा सरळ अडवतं, म्हणून शेजारच्या लॅपटॉपपर्यंत ती पोचतच नाही.

व्हीपीएन कायमचं काढू नका, त्याची गरज नाही. बहुतेक ॲपमध्ये लोकल नेटवर्कला परवानगी देणारं सेटिंग असतं, ते चालू करा. नसेल तर स्प्लिट टनेलिंगमधून (ठरावीक ॲप व्हीपीएनच्या बाहेर ठेवणारं सेटिंग) गेम वगळा. इथे नीट लक्ष द्या: वगळायचा तो लाँचर नव्हे, तर जावाची प्रोग्रॅम फाइल, कारण खेळ प्रत्यक्षात तीच चालवते.

तरीही यादी रिकामीच? मग ‘डायरेक्ट कनेक्शन’मध्ये वर्ल्ड उघडणाऱ्या लॅपटॉपचा वायफायचा पत्ता (घरी बहुधा १९२.१६८ने सुरू होणारा) टाका, पुढे कोलन (:) आणि चॅटमध्ये दिसलेला पोर्ट क्रमांक. वर्ल्ड पुन्हा उघडलं की हा क्रमांक सहसा बदलतो, तेव्हा दर वेळी नवा बघून घ्या.