पहिल्या हंगामात कयाकला भोक पाडू नये

पंचगंगेच्या काठच्या गावांत एकेकाळी गुऱ्हाळातली उसाचा रस आटवायची गोल, रिकामी काहील पाण्यात लोटून माणसे नदी ओलांडत असत. काहील सहसा बुडत नसे, पण सरळही जात नसे. वल्ह्याचा फटका बसला की ती स्वतःभोवती गिरकी घेई आणि पैलतीराला नेमके कोठे लागायचे हे वल्हवणाऱ्यापेक्षा प्रवाहच ठरवी. पहिली कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची लहान, लांबट होडी, निवडताना ही काहील डोळ्यांसमोर ठेवावी. रुंदी वाढली की होडी स्थिर होते, लांबी वाढली की ती सरळ व वेगाने जाते, आणि गळाने मासे धरण्यासाठीची कयाक ही या दोहोंमधली तडजोड असते. आपल्या कोल्हापूर भागातील तलाव व धरणांच्या शांत पाण्यासाठी दहा ते साडेअकरा फूट लांब आणि ३२ ते ३४ इंच रुंद कयाक बहुतेकांना पुरते. त्याहून रुंद घेतली तर उभे राहून गळ टाकता येतो हे खरे, पण समोरून वारा आल्यावर तीच रुंदी खांदे दुखवते.

कयाकचे दोन प्रकार आहेत. एकीत पाय आत घालून बसायचे असते, तर दुसरीच्या पृष्ठभागावरच बसायची जागा असते. मासेमारीला दुसरी घ्यावी. तिच्या तळाला आरपार छिद्रे असतात. ती पाहून नवखा माणूस घाबरतो, परंतु पोकळ सांगाडा पूर्ण बंद असल्यामुळे वर आलेले पाणी त्या छिद्रांतून निघून जाते आणि होडी तरंगत राहते. माणूस पाण्यात पडला तरी तिला सरळ करून पुन्हा वर चढता येते. पाय आत घालायच्या कयाकमध्ये मात्र पाणी भरले की ते उपसल्याशिवाय गत्यंतर नसते. कठीण प्लास्टिकच्या बहुतेक कयाक गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीप्रमाणेच तयार होतात: तापलेल्या साच्यात प्लास्टिकची पूड घालून साचा फिरवत ठेवायचा. म्हणून ती दगडावर घासली तरी फुटत नाही, पण टाकीसारखीच वर्षानुवर्षे उन्हात राहिली तर ठिसूळ होते. तिचे वजन २५ ते ३५ किलो भरते. दुकानात ती पाण्यावर कशी चालेल ते कळत नाही, मात्र एकट्याने उचलून गाडीवर चढवता येते का, हे तेथेच करून पाहता येते आणि ते अवश्य पाहावे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी हवा भरायची कयाक सोयीची असते. ती घेतल्यास गळाच्या टोकांइतकेच काठावरच्या बाभळीच्या काट्यांपासूनही तिला जपावे लागते.

कयाकवर लिहिलेली भारक्षमता म्हणजे ती बुडण्याच्या बेतात येण्याआधीचा आकडा असतो. स्वतःचे वजन, सामान, पाणी आणि धरलेले मासे मिळून त्या आकड्याच्या सत्तर टक्क्यांच्या आत राहावे. दीडशे किलोची कयाक असेल तर एकशे पाच किलोंवर थांबायचे, असा साधा हिशेब आहे.

पैसे खर्च करण्याचा क्रम लोक बहुधा उलटा लावतात. मीही लावला होता. कयाक घरी आली त्याच संध्याकाळी मी ती गच्चीवर मांडली, तीत बसलो, हात पुढे करून अंदाज घेतला आणि ड्रिलने भोके पाडून गळाचा रॉड उभा करायचे दोन होल्डर दोन्ही बाजूंना बसवून टाकले. गच्चीवर ती जागा अगदी हाताशी होती. पाण्यात उतरल्यावर लक्षात आले की वल्ह्याचा प्रत्येक फेरा उजव्या होल्डरवर आपटतो, आणि दोन तासांत बोटांची सालटी निघाली. चुकलेली भोके बुजवायला गेलेला रविवार मी अजून विसरलेलो नाही. पहिले दहा फेरे होईपर्यंत कयाकवर ड्रिल चालवू नये, हा नियम मी तेव्हापासून प्रत्येक नवशिक्याला सांगत आलो आहे. त्या दहा फेऱ्यांसाठी दोनच गोष्टींवर सढळ हाताने खर्च करावा, लाइफ जॅकेटवर आणि वल्ह्यावर.

लाइफ जॅकेट अंगावर असले तरच उपयोगाचे असते. पाठीमागे कोंबून ठेवलेले जॅकेट पडताना हाती येत नाही. आपल्याकडे विहिरीत, रंकाळा तलावात नाहीतर नदीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेली माणसे खूप आहेत आणि त्यांनाच जॅकेटचा कंटाळा सर्वांत जास्त असतो. परंतु कपडे अंगावर, हातात रॉड आणि पायाला तंगूसाचा गुंता अशा अवस्थेतले पोहणे वेगळे असते. खांद्यावरचे पट्टे धरून कोणीतरी वर ओढल्यास जॅकेट कानापर्यंत सरकत असेल, तर ते मापाचे नाही असे समजावे. शिट्टी जॅकेटलाच बांधावी. वल्हे रुंद कयाकसाठी २४० सेंटिमीटरच्या आसपास असावे. ते आखूड असेल तर प्रत्येक फटक्याला कयाकच्या कडेवरून वाकावे लागते. वजनाने जितके हलके परवडेल तितके घ्यावे, कारण सकाळभरात ते हजारदा तरी उचलायचे असते.

पहिला फेरा गळाविना, केवळ पडण्यासाठी करावा. जेथे काठ हळूहळू उतरत जातो आणि पाणी छातीइतके आहे अशी जागा निवडावी, सोबत पोहता येणारा माणूस असावा. शेततळे मात्र या कामी टाळावे. त्याच्या प्लास्टिकच्या अस्तरावर ओला पाय टिकत नाही आणि पट्टीचा पोहणाराही काठावर चढू शकत नाही. कयाक पालथी झाली असे समजून तिच्या मध्यभागी यावे, पलीकडची कड धरून ती आपल्याकडे ओढून सरळ करावी. मग पाय पाण्यात मागे पसरून जोरात मारावेत, म्हणजे शरीर आडवे होते. आडवे झाल्यावर कयाक जणू पोटाखाली ओढून घ्यायची आहे अशा बेताने वर सरकावे. आधी पोट, मग कूस बदलून बैठक आणि शेवटी पाय, असा क्रम राहतो. उभ्या शरीराने चढू पाहिले की कयाक पुन्हा अंगावर येते. हे पाच वेळा न धापता जमल्याशिवाय गळाला हात लावू नये.

जागा निवडताना परवानगीचा विचार पहिल्यांदा करावा. आपल्याकडील बहुतेक जलाशयांतील मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांकडे असतो. त्या पाण्यात मत्स्यबीज सोडण्याचा खर्च त्यांनी केलेला असतो, त्यामुळे छंदापुरते दोन मासे धरायचे असले तरी संस्थेच्या माणसाला विचारणे रीतीला धरून होते. पाणी व भिंतीजवळचा भाग जलसंपदा विभागाच्या अखत्यारीत असतो, तर शहराला पिण्याचे पाणी पुरवणाऱ्या तलावांना आणखी वेगळे निर्बंध असतात. राधानगरी आणि काळम्मावाडी या धरणांच्या पाणलोटाचा परिसर ३५१ चौरस किलोमीटरच्या राधानगरी अभयारण्याला लागून आहे. गव्यांसाठी राखलेल्या त्या बाजूला गळ घेऊन जाण्याचा विचारही करू नये. कृष्णा आणि वारणा नद्यांत मगरींचा वावर आहे, तेव्हा शिरोळकडच्या पाण्यात दोन्ही बाजूंना पाय सोडून बसणे शहाणपणाचे नाही.

नदीपेक्षा तलाव बरा, असे मी म्हणतो त्याचे मुख्य कारण बंधारे. कोल्हापुरी पद्धतीचा बंधारा वरच्या बाजूने पाहिला तर निरुपद्रवी दिसतो. पावसाळ्यानंतर त्याच्या खांबांमध्ये बरगे, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या आडव्या फळ्या, बसवतात आणि मागे पाणी संथ तुंबते. पण एखादा बरगा काढलेला असला की त्या फटीकडे पाण्याची ओढ तयार होते, ती पृष्ठभागावर दिसत नाही, आणि कयाक खांबांना आडवी चिकटली की माणसाच्या ताकदीने सुटत नाही. खालच्या बाजूला पडणारे पाणी गोल फिरून पुन्हा भिंतीकडेच येते. त्यात सापडलेली वस्तू बाहेर फेकली जात नाही, तेथेच घुसळत राहते. दोन्ही बाजूंनी किमान शंभर मीटर लांब राहावे. पावसाळ्यात तर नदीचे नावच काढू नये. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे हे आपल्या पोरासोरांनाही पाठ असते, पण त्याच्या कितीतरी आधीच कयाकसाठी नदी संपलेली असते. त्याच काळात माशांची वीणही चालू असते, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच आपला खरा हंगाम. पुढे उन्हाळ्यात पाणी उतरते, धरणातले जुने खुंट वर डोकावू लागतात आणि दुपारनंतर पश्चिमेचा वारा उठतो. जाताना वाऱ्याच्या तोंडाला जावे, म्हणजे दमून परतताना तोच वारा पाठीशी राहतो.

दहा फेरे झाल्यावर कयाक सजवायला घ्यावी. आसनामागच्या खळग्यात टोमॅटोचे प्लास्टिकचे कॅरेट ठेवून ते दोन रबरी दोऱ्यांनी आवळावे, एवढी तजवीज बराच काळ पुरते. कॅरेटच्या मागच्या दोन कोपऱ्यांना फूटभर लांबीचे पीव्हीसी पाइपचे तुकडे प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधले की रॉड उभे राहतात. भोक पाडावे लागत नाही आणि खर्चही नगण्य. कॅरेटमध्ये पक्कड, गळांची डबी, पिण्याचे पाणी आणि पाणी न शिरणाऱ्या पिशवीत मोबाइल ठेवावा. चाकू मात्र कॅरेटमध्ये नको, तो जॅकेटवर हाताशी हवा.

पुढे होल्डर हवाच असेल, तर कयाक पाण्यात असताना, वल्हे हातात घेऊन, वल्हवून पाहत जागा ठरवावी आणि तेथे कागदी चिकटपट्टी लावावी. पट्टीला पुढच्या फेरीत हात लागला नाही तर जागा बरोबर आहे. घरी आल्यावर आतून नटापर्यंत हात पोहोचतो का ते झाकण उघडून पाहावे. पोहोचत असेल तर स्टेनलेस स्टीलचे बोल्ट, आतून मोठा वॉशर आणि सैल न होणारा नायलॉनचा नट वापरावा. पोहोचत नसेल तर प्लास्टिकसाठी मिळणारे, मागे तीन पाकळ्या उमलणारे रिव्हेट घ्यावेत. साधा रिव्हेट एका हिसक्यात निसटतो. आधी बारीक भोक पाडून मग मापाचे करावे, कडेचा प्लास्टिकचा काथ्या ब्लेडने तासावा, भोकाभोवती सिलिकॉन लावावे आणि बोल्ट आवळताना प्लास्टिक दबू लागले की थांबावे. चोवीस तासांनी वरून बादलीभर पाणी ओतून आत थेंब येतो का ते तपासावे.

नांगर ही सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत धोकादायक वस्तू आहे. दीड किलोचा घडीचा नांगर आणि पाण्याच्या खोलीच्या तिप्पट दोरी शांत पाण्यात पुरते. ही दोरी कयाकच्या कुशीला कधीही बांधू नये. भोगावतीच्या सौम्य प्रवाहात मी ती सोयीची म्हणून मांडीशेजारच्या मुठीला बांधली होती. दोरी ताणली गेली, कयाक प्रवाहाला आडवी झाली, वरच्या अंगाची कड पाण्याखाली गेली, आणि दोरी कापायला लागलेले तीन-चार सेकंद फार लांबले. नाकापासून शेपटीपर्यंत दोन छोट्या कप्प्यांवरून फिरणारी दोरीची माळ करावी, तिच्यात एक कडी ओवावी आणि नांगराची दोरी त्या कडीतून घ्यावी. मग बसल्या जागेवरून नांगर हवा तेव्हा नाकाकडे किंवा शेपटीकडे सरकवता येतो.

गळाचे सामान साधे असले तरी चालते. साडेसहा फुटांचा रॉड आणि मध्यम रील पुरेसे आहे. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी चरतो, त्याप्रमाणे आमिषाची खोली ठरवावी. कणीक, भाताचा कोंडा आणि शेंगपेंड यांचा गोळा तिघांनाही चालतो. मरळ केंदाळाच्या, म्हणजे जलपर्णीच्या, कडेला सापडते. तिच्यासाठी गळाची टोके झाकलेला रबरी बेडूक केंदाळावरून ओढत आणावा. मरळीची जोडी पिलांच्या नारिंगी थव्याची राखण करत असेल तेव्हा तेथे गळ टाकणे बरे नाही. काठावरून मासा ओढण्याची सवय असलेल्यांना एक गोष्ट नवीन वाटते: कयाकमध्ये मासाच आपल्याला ओढतो. चार-पाच किलोचा कटला कयाकचे नाक स्वतःकडे वळवतो, आणि ते वळू द्यावे. रीलचा ब्रेक जमिनीवर असतो त्याहून सैल ठेवावा, रॉड नाकाच्या दिशेने धरावा आणि मासा बाजूला आला तरी आपले डोके कयाकच्या कडेबाहेर जाऊ देऊ नये. डोके गेले की मागोमाग सगळा माणूस जातो. पाण्यावर रिकाम्या बाटल्यांची किंवा थर्माकोलची रांग दिसली की खाली कोणाचे तरी जाळे आहे असे समजून लांबून वळसा घालावा.

घरी निघण्याआधी छिद्रांत, कॅरेटखाली आणि नांगराच्या पात्यांत अडकलेले केंदाळाचे तुकडे काठावर उन्हात टाकावेत. केंदाळाचा एक जिवंत कोंब पंचगंगेतून पुढच्या तलावात गेला तर तो तेथे काय करतो, हे रंकाळ्याच्या काठच्या माणसाला वेगळे सांगायला नको. मग घरी कयाक धुऊन, तळाचे बूच उघडून, पालथी करून सावलीत ठेवावी.