समृद्धीचा उपदेश शास्त्रावर कसा पारखावा

‘देवाच्या कामात हजार रुपये पेरा, शंभरपट उगवेल.’ देवाला पैसे दिले आणि विश्वास ठेवला की पैसा आणि आरोग्य मिळणारच, हा समृद्धीचा उपदेश. सांगणारा गोड बोलतो, हातात बायबल असतं, वचनं तोंडपाठ असतात. ऐकणाऱ्याच्या घरी आजारपण किंवा कर्ज असतं. म्हणून ही पारख नीट व्हायला हवी. त्यात अनादर नाही. बिरुयातल्या लोकांनी खुद्द पौलाचं बोलणंही रोज शास्त्रात पडताळून पाहिलं (प्रेषितांची कृत्ये १७:११).

आधी एक अख्खा उपदेश घ्या, अर्पणाच्या आवाहनासकट. दोन मिनिटांच्या क्लिपवर निकाल देऊ नका. कापलेल्या तुकड्यात चांगला पाळकही खोटा दिसतो आणि खोटाही चांगला. एकाच उपदेशकाचे वेगवेगळ्या महिन्यांतले तीन उपदेश ऐकलेत तर चित्र बरंच स्पष्ट होतं. वही जवळ ठेवा, प्रत्येक वचनाचा अध्याय-ओवी लिहा आणि नंतर त्या वचनाच्या आधीच्या दहा व पुढच्या दहा ओव्या वाचा. निम्मं काम इथेच होतं.

मलाखी ३:१० घ्या. ‘दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) आणा, मी आकाशकपाटं उघडतो की नाही ते पाहा’ हे वचन जवळजवळ प्रत्येक आवाहनात येतं. पाच ओव्या वर जा. ३:५ मध्ये देव मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांविरुद्ध, विधवा, अनाथ आणि परक्यांवर जुलूम करणाऱ्यांविरुद्ध साक्ष द्यायला उभा आहे. आता अनुवाद १४:२८-२९ उघडा: तिसऱ्या वर्षीचा दशमांश लेवी (मंदिराची सेवा करणारे), परका, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावं म्हणून होता. म्हणजे ज्या विधवेच्या पोटासाठी दशमांश होता, तिच्याच पेन्शनमधून आज तो मागितला जातो. हे दिसलं की पुढचं फार समजवावं लागत नाही.

मार्क १०:३० मधल्या ‘शंभरपट’चंही तसंच. त्याच ओवीत शंभरपट आया आहेत आणि छळणूकही आहे. शंभर आया मिळतात त्या मंडळीत, बँकेत नव्हे. शिवाय हे बोलणं निघालं ते सगळं विकायला सांगितल्यावर खिन्न होऊन गेलेल्या श्रीमंत माणसावरून. योहानाच्या तिसऱ्या पत्रातली दुसरी ओवी १९४७ मध्ये अमेरिकन उपदेशक ओरल रॉबर्ट्स यांच्या मनात भरली आणि समृद्धीच्या शिकवणीचा मोठा आधार बनली. पण ती गायस नावाच्या माणसाला लिहिलेली शुभेच्छा आहे. पत्राच्या सुरुवातीला आपण क्षेमकुशल लिहितो तशी.

यानंतर पैसा बाजूला ठेवा आणि ख्रिस्ताविषयी काय सांगितलं ते पाहा. खरी कसोटी हीच, आणि बहुतेक जण ती विसरतात. निकिया (३२५) आणि खाल्केदोन (४५१) इथल्या चर्च-परिषदांच्या विश्वासांगीकारांचा, म्हणजे ख्रिस्ती विश्वास थोडक्यात मांडणाऱ्या निवेदनांचा, मजकूर शेजारी ठेवा. ही शिकवण रुजवणारे अमेरिकन उपदेशक ई. डब्ल्यू. केनियन आणि त्यांच्या मागून केनेथ हेगिन यांनी शिकवलं की येशू शरीरानेच नव्हे तर आत्म्यानेही मेला आणि त्याचा नवा जन्म झाला. हे लूक २३:४३ आणि २३:४६ शी जुळत नाही. वधस्तंभावर येशू आत्मा पित्याच्या हाती सोपवतो आणि शेजारी खिळलेल्या चोराला ‘आज’ सुखलोकाचं वचन देतो. टीव्हीवरचे उपदेशक बेनी हिन यांनी १९९० मध्ये त्रैक्यातल्या (पिता, पुत्र, पवित्र आत्मा) प्रत्येकाचं पुन्हा त्रैक्य असल्याचं सांगितलं आणि ते नंतर मागे घेतलं. २०१९ मध्ये त्यांनी ठरावीक रकमेचं ‘बीज’ (परताव्याच्या आशेने द्यायचं दान) मागणंही चूक असल्याचं जाहीर म्हटलं. अशा कबुलीची नोंद ठेवा आणि पुढचे उपदेश तिच्याशी ताडून पाहा.

सगळे एका माळेचे मणी नाहीत. अमेरिकन उपदेशक जोएल ऑस्टीन यांच्या ह्यूस्टनच्या मंडळीत, जी २००५ मध्ये जुन्या बास्केटबॉल स्टेडियममध्ये गेली, केनियनसारखं बोलणं सहसा ऐकू येत नाही. तिथे वहीत ‘काय नाही’ हा रकाना काढा: पाप, पश्चात्ताप, न्याय, वधस्तंभ. काय सांगितलं यापेक्षा काय गाळलं हे कधी कधी जास्त बोलतं.

तिसरी पारख आजाऱ्याची. ‘विश्वास असता तर बरा झाला असतास’ असं थेट किंवा आडून म्हटलं गेलं का? पौलाने त्रफिमाला आजारी असताना मिलेतात ठेवलं (२ तीमथ्य ४:२०), तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, त्याच्या स्वतःच्या शरीरातला ‘काटा’, म्हणजे सततचा त्रास, तीनदा विनंती करूनही गेला नाही. ईयोबाच्या दुःखामागे पाप शोधणाऱ्या मित्रांवर देव रागावला (४२:७). आपल्याकडे केडगावच्या मुक्ती मिशनमधली १९०५ ची आध्यात्मिक जागृती पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या दानांवर भर देणारे ख्रिस्ती) लोक आजही आदराने सांगतात. ते मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंना नीट ऐकू येत नसे आणि १९२१ मध्ये त्यांची एकुलती मुलगी मनोरमा गेली. त्यांचा विश्वास कमी पडला म्हणायची हिंमत कोण करेल?

इथे एक चूक टाळा. बरं होण्यासाठी प्रार्थना करणं पाखंड नाही. याकोब ५:१४ तेच सांगतो. सगळ्या पेंटेकॉस्टलांनाही एकाच दावणीला बांधू नका. अमेरिकेतल्या असेंब्लीज ऑफ गॉड या पेंटेकॉस्टल पंथानेच १९८० मध्येच ‘बोलाल ते होईल’ या शिकवणीच्या अतिरेकाला अधिकृत निवेदनात विरोध केला. नुसतं श्रीमंत असणंही पुरावा ठरत नाही. देव कृपेने देतो की माझ्या शब्दाला आणि पैशाला बांधला जातो, वाद त्याचा आहे.

मग हिशेब. दिदाखे या फार जुन्या ख्रिस्ती लेखाच्या अकराव्या अध्यायात म्हटलंय: आत्म्याच्या नावाने स्वतःसाठी पैसे मागणाऱ्याचं ऐकू नका, गरजूंसाठी मागत असेल तर त्याचा न्याय करू नका. महाराष्ट्रातल्या संस्थेला धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी आणि पावती विचारा. अमेरिकन सिनेटर ग्रासली यांनी २००७ मध्ये सहा सेवासंस्थांकडे खुलासा मागितला आणि जानेवारी २०११ मध्ये चौकशी दंडाविना संपली. ‘क्लीन चिट मिळाली’ असं कुणी म्हणालं तर प्रश्न पैशाच्या वापराचा आणि करसवलतीचा होता, शिकवणीचा नव्हता, हे सांगा.

घरात आई किंवा मावशी रोज असा कार्यक्रम बघत असेल तर वही तिच्यासमोर आपटू नका. तिने पैसे दिलेत ते देवाला दिले या भावनेने. तिच्याच बायबलमध्ये मलाखीचा तिसरा अध्याय काढा, पाचवी ओवी तिला मोठ्याने वाचायला सांगा आणि थांबा. आणि तिने गोळ्या बंद केल्या असतील तर चर्चा नंतर, आधी डॉक्टरांना फोन.